जुन्या पेट्रोल जीपचं ऑईल फिल्टर : आधी डब्याला हात लावा

हे सगळं जुन्या पेट्रोल सीजे ३बी आणि तिच्या भाऊबंदांसाठी आहे. गाडी वीसेक मिनिटं पळवा, पंचवटीतून म्हसरूळपर्यंत जाऊन आलात तरी भागेल. मग इंजिन बंद करून बोनेट उघडा आणि फिल्टरच्या डब्याला तळहात लावा, एक्झॉस्टपासून जपून. इंजिन तापलेलं आणि डबा मात्र गार असेल, तर ऑईल फिल्टरमधून जातच नाहीये. माझ्याकडे दिंडोरी-निफाडकडच्या बागाईतदारांच्या जीपा येतात. त्यातल्या कितीतरी गाड्यांचे डबे असे गारच असतात आणि मालक सांगतो, ‘फिल्टर परवाच बदललाय.’

ही गाडी इतकी वर्षं तशीच कशी पळते? कारण या इंजिनात पंपाचं ऑईल थेट बेअरिंगला जातं. त्यातला थोडासा फाटा बारीक पाइपने फिल्टरच्या डब्यात शिरतो आणि गाळून पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या टाकीत पडतो. याला बायपास फिल्टर म्हणतात. पुढच्या गाड्यांत सगळंच ऑईल आधी फिल्टरमधून जातं, तो फुल-फ्लो. बायपासचा फायदा असा, की डब्यातलं एलिमेंट, म्हणजे गाळणारा कागद, चोंदलं तरी बेअरिंग कोरडं पडत नाही. तोटाही तोच. ऑईल प्रेशरच्या गेजचा काटा जागेवर राहतो, आवाज येत नाही, काही म्हणता काही कळत नाही. घाण मात्र इंजिनात फिरत राहते.

म्हणून माझं मत सरळ आहे : या गाडीत फिल्टरच्या भरवशावर ऑईल लांबवू नका. द्राक्षाच्या सीझनला कच्च्या रस्त्याने बागेत फेऱ्या होत असतील तर ऑईल आणखी लवकर बदला. धूळ मुळात आत येते ती एअर क्लीनरमधून. तोही या गाडीत ऑईलचाच असतो, तेव्हा त्याच दिवशी उघडून तळाचा चिखल घासलेटने धुवा आणि खुणेपर्यंत नवं ऑईल भरा. त्यात कंजुषी केलीत तर पुढचं सगळं फुकट.

आता काम. ऑईल गरम असतानाच काढायचं. थंडीत निफाडला पारा कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे. पहाटे नट खोलाल तर ऑईल काकवीसारखं ओघळेल आणि गाळ तळालाच राहील. चेंबरचा नट काढून निथळू द्या. बहुतेक डब्यांच्या तळालाही छोटा प्लग असतो, तोही खोला. तो विसरला की जुनं काळं ऑईल नव्यात मिसळलंच. वरचं झाकण मधल्या बोल्टवर असतं. ते काढून एलिमेंट उचला आणि डबा आतून कोरड्या फडक्याने पुसा. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे राहतात.

जुनं एलिमेंट लगेच फेकू नका. पत्र्याच्या कात्रीने उघडून कागद उन्हात धरा. काळी घाण असणारच. चमचमणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड. न चिकटणारा, चांदीसारखा चुरा असेल तर बेअरिंग झिजतंय, खर्चाची तयारी ठेवा. दुधाळ पांढरट थर म्हणजे पाणी. हेड गॅस्केटकडे बघा.

यातली खरी नाजूक जागा म्हणजे बारीक भोक. ते कुठे पाइपच्या जोडात, म्हणजे युनियनमध्ये असतं, कुठे डब्याच्या मधल्या नळीत. त्यानेच फिल्टरला किती ऑईल जायचं ते ठरतं. डबा गार असण्याचं कारण पुष्कळदा हे बुजलेलं भोक असतं. वायरमधली तांब्याची एक बारीक तार घालून साफ करा, वर हवा मारा. ड्रिल लावू नका! एका गिऱ्हाइकाच्या जीपचं युनियन कुणीतरी बदलून साधं, मोठ्या भोकाचं बसवलं होतं. आयडलला गेज पार खाली, म्हणून पंप बदलायचं घाटत होतं. पंप ठणठणीत होता, ऑईल फिल्टरवाटे चेंबरला पळत होतं.

झाकणाचं गॅस्केट नवंच घाला. तांब्याचा वॉशर जुनाच वापरायचा असेल तर गॅसवर लाल करून गार होऊ द्या, मऊ पडतो. बोल्टवर जोर करू नका, आटे गेले तर सातपूर-अंबडला लेथवाला गाठावा लागेल. चेंबरला पावणेचार लिटरच्या आसपास ऑईल लागतं, फिल्टरला आणखी जवळजवळ एक लिटर. सगळं एकदम ओतू नका. चेंबर भरून इंजिन चालू करा, डबा भरला की डिपस्टिकवर पातळी उतरते, मग वरून घाला.

गाडी बरीच वर्षं पडून असेल तर एकदा चेंबर उतरवाच. आत ऑईल ओढणारी जाळी तरंगती असते, तळाचा गाळ न ओढता ती वरचं ऑईल घेते. गाळात रुतली तर तिचा उपयोग नाही. ती जिथे ब्लॉकला बसते तिथलं गॅस्केटही बदला, तिथून हवा ओढली गेली की गेज नाचतं.

स्प्लेंडर, सीडी १०० वाल्यांचा प्रकार वेगळा. तिथे कागद नाहीच, क्रँकवर फिरणाऱ्या वाटीत घाण बाहेर फेकली जाऊन कडेला थापते. त्यासाठी उजवीकडचं क्लच कव्हर खोलावं लागतं. थर लाकडी काडीने खरवडा, जाळी धुवा. नुसतं ऑईल बदलून ती वाटी साफ होत नाही.

काढलेलं ऑईल गटारात ओतलंत तर ते नासर्डीतून गोदावरीतच जाणार. कॅनमध्ये साठवून जळकं ऑईल घेणाऱ्याला द्या. शेवटी दहा मिनिटं इंजिन चालवा, झाकणाच्या कडेला आणि दोन्ही युनियनला कोरडं बोट फिरवून गळती बघा, आणि डब्याला परत हात लावा. या वेळी तो गरम लागला पाहिजे.