अँप जळाला म्हणण्याआधी हे बघा: साऊंडवाल्यांनो, या चुका टाळा

एका हळदीच्या कार्यक्रमात माझे दोन अँप, म्हणजे स्पीकर चालवणारे अँप्लिफायर, एका मिनिटात गेले. गावाबाहेरचं शेत, लाईटचा पत्ता नाही म्हणून जनरेटर. त्या माणसाने तीन फेज नीट वाटून दिले होते, एकावर आमचा साऊंड, एकावर हॅलोजन, एकावर कुलर आणि फूड स्टॉल. जेवणं चालू झाली म्हणून आम्ही गाणी हळू केली आणि नेमकं तेव्हाच कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकला आणि चेंजओव्हरमधून (लाईन बदलायच्या स्विचमधून) न्यूट्रलची, म्हणजे करंट परत जायची, वायर निसटली. हॅलोजन एकदम पिवळे पडले, सगळे वर बघायला लागले, आणि इकडे अँप ठेवलेल्या रॅकमधून फटाक फटाक दोन आवाज आणि तो वास, ज्याने एकदा घेतलाय त्याला सांगायला नको.

झालं काय होतं ते नंतर कळलं. न्यूट्रल तुटला की तीन फेज एकमेकांवरच चालायला लागतात, आणि दोन फेजमध्ये ४०० ते ४१५ व्होल्ट असतात. मग ज्याच्यावर लोड जास्त त्याला व्होल्टेज कमी मिळतं आणि ज्याच्यावर लोड कमी त्याच्याच बोकांडी जास्त व्होल्टेज बसतं. आम्ही आवाज कमी केला होता ना, म्हणजे लोड आमचाच कमी. जोरात वाजवत असतो तर कदाचित दोन सेकंद जास्त टिकले असते, एवढंच.

तर पहिली चूक ही, टेस्टर लावायचा, पेटला की म्हणायचं लाईन आली, घाल पिन. अरे टेस्टर १८० व्होल्टलाही पेटतो आणि ३८० लाही पेटतो. मल्टिमीटर घ्या, साधा चालेल. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० च्या आसपास पाहिजे, फेज आणि अर्थमध्येही साधारण तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर जायला नको. तिथे तीस-चाळीस दाखवत असेल तर न्यूट्रल किंवा अर्थ यातलं काहीतरी गडबड आहे, वायरमनला किंवा जनरेटरवाल्याला बोलवा आणि तोपर्यंत चहा प्या. आणि हे मोजमाप हॅलोजन-बिलोजन सगळं चालू असताना करा, रिकाम्या जनरेटरवर सगळंच छान दिसतं. मी त्या दिवसानंतर रॅकच्या आधी हाय-लो व्होल्टेजचा कटऑफ बसवलाय, व्होल्टेज लिमिटच्या बाहेर गेलं की तो लाईनच तोडतो. दोन अँपच्या रिपेरिंगपुढे त्याची किंमत काहीच नाही.

अर्थची पिन तोडू नका राव

स्पीकरमधून हम, म्हणजे सतत घुं घुं आवाज, येतोय, प्रोग्रामला अर्धा तास उरलाय, मग कुणीतरी जुना जाणकार येतो आणि पकडीने थ्री पिनची वरची जाड पिन तोडतो, हम बंद, सगळे खूश. हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की काय सांगू. त्या अँपमध्ये उद्या आतली वायर बॉडीला टेकली तर रॅक, मिक्सर, माईकची जाळी, सगळ्यात करंट येतो आणि माईक हातात धरलेला माणूस ओल्या गवतावर उभा असतो. हम घालवायचे दुसरे मार्ग आहेत. बहुतेक वेळा हम येतो कारण मिक्सर स्टेजसमोर एका बोर्डवर आणि अँप स्टेजमागे दुसऱ्याच बोर्डवर, दोन अर्थ वेगळे. दोन्ही एकाच ठिकाणाहून लाईन घ्या, अर्धे हम तिथेच मरतात. लॅपटॉप किंवा कीबोर्डमुळे येत असेल तर डीआय बॉक्स, म्हणजे त्यांचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. तरीही राहिला तर सिग्नलच्या कॅनन (XLR) केबलची एक नंबरची पिन, म्हणजे शील्ड (बाहेरची जाळी), अँपच्या बाजूला सोडवलेली एक केबल वेगळी बनवून ठेवा आणि तिला लाल टेप गुंडाळा, नाहीतर ती केबल माईकला लागते आणि मग माईक नीट का वाजत नाही म्हणून रात्र जाते. शील्ड तोडायची ती फक्त सिग्नलची, मेन लाईनची अर्थ नाही.

अजून एक टॉप लावा की

मंडळाच्या पोरांचं हे नेहमीचं वाक्य. टॉप म्हणजे बेसच्या वर लावायचा स्पीकर. गणित सोपं आहे पण गडबडीत विसरतं. ओम म्हणजे करंटला होणारा विरोध, तो जितका कमी तितका अँपवर ताण जास्त. ८ ओमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की ४ ओम, तीन जोडले की २.७ च्या जवळ, चार जोडले की २ ओम. अँपच्या मागे कमीत कमी किती ओम चालतं ते छापलेलं असतं, ४ लिहिलं असेल तर तिसरा टॉप लावायचा नाही. तो तासभर वाजेलही, म्हणूनच लोक फसतात, मग नेमका मिरवणूक चौकात आल्यावर प्रोटेक्टला जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो.

ब्रिज मोडमध्ये, म्हणजे अँपचे दोन्ही चॅनल एकत्र करून एकच स्पीकर चालवायचा, तर याहून जास्त घोळ. ब्रिज केला की प्रत्येक चॅनलला स्पीकरच्या निम्मे ओम दिसतात, म्हणजे ८ ओमचा बेसचा स्पीकर लावलात तर आतल्या प्रत्येक चॅनलला तो ४ ओमचा वाटतो, आणि ४ ओमचा लावलात तर २ चा. त्यामुळे जो अँप स्टीरिओत (दोन्ही चॅनल वेगळे) २ ओमला चालत नाही त्याला ब्रिजमध्ये ४ ओम लावायचं नाही, विषय संपला. अजून एक, ब्रिजमध्ये वायर दोन्ही चॅनलच्या लाल टर्मिनलमधून निघते, काळ्याला हात लावायचा नाही, आणि स्पीकॉनवर (स्पीकरच्या वायरचा फिरवून लावायचा कनेक्टर) कोणत्या दोन पिना वापरायच्या ते मागे छापलेलं असतं. बऱ्याच अँपवर १+ आणि २+ असतं पण माझ्या शब्दावर जाऊ नका, मागे बघा. मोडचा स्विच अँप बंद असतानाच हलवायचा.

स्पीकर किती ओमचा ते लेबल पुसलं गेलं असेल तर मल्टिमीटरने मोजा, ८ ओमचा स्पीकर मीटरवर साडेपाच ते साडेसहा दाखवतो, ते बरोबर आहे, कॉइल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) खराब झाली म्हणून घाबरायचं नाही. अर्धा ओम दाखवला तर शॉर्ट, काहीच नाही दाखवलं तर कॉइल तुटली. स्पीकरच्या वायरला कॅनन पिना लावून ठेवणारे महाभाग अजून आहेत, ती वायर चुकून मिक्सरच्या इनपुटला गेली की कार्यक्रम खल्लास. स्पीकरला स्पीकॉन, सिग्नलला कॅनन, अदलाबदल नाही.

शाळा-देवळातल्या भोंग्याच्या सिस्टीमवाल्यांसाठी एक ओळ: पीए अँपच्या मागे १०० व्होल्टचं टर्मिनल असतं, ते ट्रान्सफॉर्मरवाल्या भोंग्यांसाठी आहे, तिथे साधा ८ ओमचा बॉक्स थेट लावू नका.

आता वायर. लोक दोन लाखाचा अँप घेतात आणि स्पीकरला लाईट फिटिंगची उरलेली बारीक वायर ओढतात. हिशोब करून बघा, १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ३० मीटर ओढली तर जायची-यायची मिळून ६० मीटर, तिचा रेझिस्टन्स १ ओमच्या आसपास येतो. समोर ४ ओमचा लोड असेल तर पॉवरचा पाचवा भाग वायर गरम करण्यात गेला आणि बेसचा ठोका ढिला पडला तो वेगळाच. तेच २.५ स्क्वेअर एमएममध्ये ०.४ ओमवर येतं. म्हणून मी म्हणतो अँपचा रॅक स्पीकरजवळ ठेवा आणि लांब ओढायची ती सिग्नलची केबल ओढा. आणि अँप चालू असताना टर्मिनलला हात नको. १००० वॉट ४ ओमवर म्हणजे ६३ व्होल्ट, ब्रिजमध्ये ८ ओमवर २००० वॉट म्हणजे १२५ च्या वर, झटका बसतो, चांगला बसतो.

नॉब कमी ठेवला म्हणजे स्पीकर वाचला, असं नसतं

अँपचा नॉब पॉवर ठरवत नाही, तो फक्त सिग्नल किती आत घ्यायचा ते ठरवतो. नॉब निम्म्यावर ठेवून मिक्सर लाल होईपर्यंत ढकलला की आवाज मिक्सरमध्येच फाटतो, तो फाटलेला सिग्नल अँप इमानदारीत मोठा करतो, अँपची क्लिप लाईट (अँपमध्ये आवाज फाटतोय हे सांगणारी) पेटतही नाही, ऑपरेटर म्हणतो सगळं नॉर्मल आहे, आणि वर हॉर्नचा (बारीक आवाजाच्या स्पीकरचा) डायफ्राम गेलेला असतो. आधी मिक्सर बघा, लाल अधूनमधूनसुद्धा नको. मग अँप बघा, ढोलाच्या ठोक्याला क्लिप क्षणभर चमकली तर ठीक, सलग पेटून राहिली तर मागे घ्या. डीजेला आवाज कमी कर म्हणणं अवघड असतं हे मला माहितीये, म्हणून लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) आधीच सेट करून त्याला लॉक लावतो, मग तो कितीही ढकलू दे. तसंही पॉवर दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, पब्लिकला जेमतेम कळतं, कॉइलला मात्र बरोबर कळतं.

चालू करताना मिक्सर, प्रोसेसर आधी आणि अँप सगळ्यात शेवटी, बंद करताना अँप सगळ्यात आधी. लाईट गेली तर आधी अँपचे स्विच खाली पाडा, नाहीतर लाईट परत आल्यावर तो धप्प आवाज अख्ख्या गावाला ऐकू जातो.

गुलालाबद्दल बोलायलाच पाहिजे. विसर्जनानंतर एकदा अँप उघडला तर हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) खाचा पूर्ण गुलाबी, वर पावसाचा ओलावा बसून त्याचा लेपच झालेला, ब्रशने खरवडून काढायला लागला. अशा अँपचा पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा जाणार कुठून? पुढच्या जाळीत फोम असेल तर तो दर प्रोग्रामनंतर झटका, सीझन संपल्यावर मेकॅनिककडून ब्लोअर मारून घ्या. स्वतः उघडणार असाल तर पिन काढल्यावर लगेच हात घालू नका, कपॅसिटरमध्ये बराच वेळ चार्ज राहतो. आणि पावसात ताडपत्री टाकताना रॅकची पाठ झाकू नका, गरम हवा बहुतेक तिकडूनच बाहेर पडते. पाणी पण नको आणि कोंडमारा पण नको, म्हणून मी वरून पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या असं करतो, दिसायला भंगार दिसतं पण चालतं.

प्रोटेक्टची लाईट लागली, आता काय

फ्यूज बदलत बसू नका, आणि मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार तर अजिबात टाकू नका, फ्यूज गेला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. अँप बंद करा, मागचे सगळे स्पीकॉन काढा, सिग्नलही काढा, दोन मिनिटं थांबून चालू करा. प्रोटेक्ट तरीही राहिला तर दोष आत आहे, तो बाजूला काढून स्पेअर लावा. लाईट विझली तर अँप ठीक आहे, दोष वायरीत नाहीतर स्पीकरमध्ये. आता पुन्हा बंद करा, एक स्पीकॉन लावा, चालू करा, मग बंद करून दुसरा, असं एकेक. ज्याला लावल्यावर लाईट परत येते तीच वायर, आणि दहातल्या सात वेळा स्पीकॉनच्या आत वायरचा एक बारीक केस निसटून शेजारच्या स्क्रूला टेकलेला असतो. अर्धा तास वाजवल्यावर प्रोटेक्टला जाऊन थंड झाल्यावर परत येत असेल तर ते गरम होणं आहे, मग ओम मोजा आणि पंखा बघा.

आणि एक शेवटचं, चालू केल्याबरोबर बेसचा कोन बाहेर येऊन किंवा आत जाऊन तसाच थांबला आणि जाड हम येतोय असं दिसलं तर विचार करू नका, त्याच क्षणी अँप बंद करा. आऊटपुटला डीसी (एकाच दिशेचा करंट) आलंय, कॉइलचा धूर निघायला काही सेकंदच लागतात, आणि त्या अँपला दुसरा स्पीकर लावून बघायचा नाही, तोही जातो. मी लावून बघितला होता.