ट्रेलर मागे झुलू लागला तर

अमेरिकेत पहिल्यांदाच ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, ओढणार असाल, तर आधी सामान कुठे ठेवलंय ते बघा. भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के वजन हिचच्या गोळ्यावर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जिथे जोडतात तिथे, यायला हवं. ५,००० पौंडांच्या ट्रेलरला ५०० ते ७५० पौंड. जड सामान मागच्या टोकाला कोंबलं की हा भार घटतो आणि हायवेवर ट्रेलर डावीउजवीकडे झुलू लागतो. तेव्हा गाडीचा ब्रेक अजिबात दाबू नका! ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरचा (चालकाजवळ बसवलेलं, ट्रेलरचे ब्रेक चालवणारं उपकरण) खटका हाताने हळूहळू सरकवा. फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, तो मागे ताणला जाऊन सरळ होतो. न बघता बोट खटक्यावर पडेल इतका सराव रिकाम्या पार्किंगमध्येच करून घ्या.