रीसेल फ्लॅटच्या ताब्याची तारीख: कशी ठरवायची, कशी लिहायची

भावावर महिनाभर घासाघीस होते. ताब्याची तारीख मात्र विसार देता-घेता ठरते: "दसऱ्यापर्यंत सोडतो." पुढची भांडणं इथूनच सुरू होतात, कारण नोंदणी, बँकेचा चेक आणि किल्ली या तीन गोष्टी एका दिवशी होत नाहीत. महाराष्ट्रातल्या सोसायटीतला जुना फ्लॅट घेताना किंवा विकताना या तीन तारखा वेगवेगळ्या धरा आणि करारात वेगवेगळ्याच लिहा.

घेणाऱ्याचं गृहकर्ज असेल तर बँक आधी नोंदवलेला करार, सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा अधिकृत गोषवारा), नोंदणीची पावती आणि स्वतःची रक्कम भरल्याचा पुरावा मागते. चेक त्यानंतर निघतो. म्हणजे विकणाऱ्याने सही केलेली असते, पण मोठी रक्कम अजून यायची असते. म्हणून ताबा नोंदणीशी न जोडता पूर्ण पैसे खात्यात जमा होण्याशी जोडावा. त्यातच दोघांचंही हित आहे.

तारीख काढताना पंचांगाच्या आधी कामांची यादी करा. टायटल सर्च (मालकीच्या जुन्या कागदांची तपासणी) आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस विसारानंतर लगेच सुरू व्हायला हवी. नोटिशीत हरकतीसाठी साधारण १४ दिवस देतात. बँकेची कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन त्याच काळात उरकतं. सोसायटीच्या ना-हरकत पत्रावर बरेच व्यवहार अडतात. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) हस्तांतरणासाठी असं पत्र सक्तीचं नाही, पण बँका मागतात. अर्ज केला की समितीने महिन्याभरात निर्णय घ्यायचा असतो, तेव्हा अर्ज विसाराच्या दुसऱ्याच दिवशी द्या. विकणाऱ्याची थकबाकी असेल तर तीही तेव्हाच समोर येते.

विकणाऱ्याचं स्वतःचं कर्ज बाकी असेल तर हिशोब लांबतो. त्याच्या बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि जमा असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी घ्यावी लागते. घेणाऱ्याच्या बँकेचा पहिला चेक त्या बँकेच्या नावाने निघतो आणि उरलेली रक्कम बहुतेक वेळा मूळ कागद हाती आल्यावरच मिळते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेला बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. तरीही वेळापत्रकात हे ३० दिवस पूर्ण धरा. आमचा अंदाज असा: कर्जमुक्त फ्लॅटला विसारापासून नोंदणीपर्यंत ३० ते ४५ दिवस आणि नोंदणीपासून ताब्यापर्यंत १५ ते ३० दिवस. विकणाऱ्याचं कर्ज असेल तर त्यात आणखी ३० दिवस मिळवा. आठवड्यात सगळं उरकतो असं कोणी म्हणत असेल तर कागदपत्रं आधीच तयार आहेत का, ते बघा.

आता कॅलेंडर काढा. गुढीपाडवा आणि दसऱ्याला शासकीय सुट्टी असते. मुहूर्त हवाच असेल तर तो कलश ठेवायला ठेवा आणि नोंदणी आधीच्या कामाच्या दिवशी करा. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. त्या दिवशी ताबा ठरला की रक्कम जमा झाल्याची खात्री करणं अवघड होतं. रेडीरेकनरचे (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या किमतींचे) नवे दर साधारणपणे १ एप्रिलला लागू होतात, त्यामुळे मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयात झुंबड असते. मुद्रांक शुल्क भरून ३१ मार्चपर्यंत दस्तावर सह्या झाल्या असतील तर नोंदणी कायदा, १९०८ नुसार सहीच्या दिवसापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला देता येतो. विकणाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासावी: फ्लॅट घेऊन २४ महिने पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील तर थोडं थांबावं, कारण दीर्घकालीन आणि अल्पकालीन नफ्याच्या करात मोठा फरक पडू शकतो. हे सी.ए.ला विसाराआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

कलम लिहिताना "लवकरात लवकर", "अंदाजे", "कर्ज मंजूर झाल्यावर" हे शब्द टाळा. असं लिहिता येईल (लिहून घेणार म्हणजे घेणारा, लिहून देणार म्हणजे विकणारा):

"लिहून घेणार यांनी नोंदणीच्या दिनांकापासून ३० दिवसांत उर्वरित मोबदला द्यावा. तो लिहून देणार यांच्या खात्यात जमा झाल्यापासून ७ दिवसांत लिहून देणार यांनी मिळकतीचा रिकामा व निर्वेध ताबा द्यावा."

त्याखाली दिवस, महिना आणि वर्ष घालून एक अखेरची तारीख लिहा. मुदत संपल्यावर १५ दिवसांची सवलत, त्यानंतर घेणाऱ्याकडून उशीर झाल्यास व्याज आणि विकणाऱ्याकडून झाल्यास दर दिवसाची भरपाई, आणि शेवटी लेखी नोटीस देऊन करार रद्द करण्याचा हक्क, या क्रमाने लिहा. भरपाईचा आकडा तिथल्या भाड्याशी सुसंगत ठेवा. अवाच्या सव्वा रक्कम न्यायालयात टिकत नाही. स्थावर मालमत्तेच्या करारात मुदत हाच कराराचा गाभा आहे, असं न्यायालयं सहसा गृहीत धरत नाहीत. तुमच्यासाठी ती खरोखर निर्णायक असेल तर तसं स्पष्ट शब्दांत लिहा. करारपूर्तीच्या दाव्याची (समोरच्याने करार पाळावा म्हणून न्यायालयात जाण्याची) तीन वर्षांची मुदतही करारात ठरलेल्या तारखेपासून मोजतात, म्हणून तारखेची जागा कोरी ठेवू नका.

"पूर्ण मोबदला" म्हणजे काय तेही लिहा. किंमत ५० लाख रुपये किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावाने आधीच कापलेला आयकर) कापून भरायचा असतो, म्हणजे खात्यात ९९ टक्केच येतात. हे कलमात नसलं तर उरलेल्या एका टक्क्यासाठी किल्ली अडते. विकणारा अनिवासी असेल तर टीडीएसचा दर बराच जास्त असतो आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र मिळायला आठवडे लागतात. तेवढा वेळ आधीच धरा.

विकणाऱ्याचं पुढचं घर तयार नसेल तर तो "महिनाभर राहू द्या" म्हणतो. माणुसकीने हो म्हणायला हरकत नाही, पण कागदाशिवाय नाही. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीच्या वापराचा करार) करा आणि अनामत घ्या. फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल तर तो बाहेर पडल्याशिवाय अंतिम चेक देऊ नका.

ताब्याच्या दिवशी रिकाम्या खोल्या दोघांनी मिळून बघा. वीज मीटरचं रीडिंग आणि गॅसचा आकडा फोटोसह नोंदवा. मालमत्ता कर आणि सोसायटीचा देखभाल खर्च कोणत्या तारखेपर्यंत कोणाचा, ते ताबा पावतीवर लिहा. मूळ करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट (सोसायटीतल्या सभासदत्वाचा दाखला), कर्ज फिटल्याचं पत्र आणि सगळ्या किल्ल्या मोजून घ्या. पावतीवर तारखेबरोबर वेळही घाला आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.