फळमाशीतील ग्लिया आणि अक्षतंतू : निष्कर्ष काढताना या चुका टाळा

ग्लिया पेशी (चेतासंस्थेतल्या साहाय्यक पेशी) वाढत्या अक्षतंतूंना (चेतापेशींच्या लांब तंतूंना) वाट दाखवतात, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य. फळमाशीच्या भ्रूणात ते स्वतः पडताळायला बसल्यावर होणाऱ्या चुका मात्र बहुतेक वेळा रंगवण्यातल्या नसतात, दिसलेल्या चित्राचा अर्थ लावण्यातल्या असतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक 'रेपो'च्या बाबतीतली आहे. रेपो प्रथिनाची अँटिबॉडी (त्या प्रथिनाला चिकटून ते दाखवणारा रेणू) ग्लियाची केंद्रके उजळवते, म्हणून ती सगळ्याच ग्लिया दाखवते असे गृहीत धरले जाते. चेतासंस्थेच्या डाव्या-उजव्या भागांमधल्या मध्यरेषेवरच्या ग्लिया तिच्यात दिसतच नाहीत, कारण त्यांचा वंशच वेगळा आहे : बाजूच्या ग्लियांची ओळख 'ग्लिअल सेल्स मिसिंग' म्हणजे जीसीएम या जनुकावर ठरते, तर मध्यरेषेवरच्या पेशी 'सिंगल-माइंडेड' या जनुकावर अवलंबून असतात. त्यामुळे तंतू मध्यरेषेवर चुकत असताना रेपोचे चित्र निर्दोष दिसले, तर त्यावरून ग्लिया ठीक आहेत असे म्हणता येत नाही. अशा वेळी मध्यरेषेवरच्या ग्लिया स्रवतात त्या स्लिट प्रथिनाच्या अँटिबॉडीने मध्यरेषा वेगळी तपासावी.

बीपी१०२ या अँटिबॉडीने सगळे अक्षतंतू रंगवले की निरोगी भ्रूणाची मज्जारज्जू शिडीसारखी दिसते. दोन उभे दांडे असतात आणि प्रत्येक खंडात दोन आडव्या पायऱ्या असतात. या दोन पायऱ्यांमधली फट आपोआप पडत नाही. मध्यरेषेवरच्या ग्लिया त्यांच्यामध्ये सरकतात तेव्हा ती तयार होते. पायऱ्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर संशय प्रथम या पेशींवर घ्यावा. तंतू एकदा ओलांडलेली मध्यरेषा पुन्हा पुन्हा ओलांडत असतील, तर दोष 'राउंडअबाउट' या तंतूवरच्या ग्राहीचा (संदेश ओळखणाऱ्या प्रथिनाचा) असू शकतो आणि ग्लिया पूर्णपणे धडधाकट असू शकतात. 'कमिशरलेस' हे जनुक नसेल तर आडव्या पायऱ्याच उमटत नाहीत, आणि ग्लियांनी स्रवलेले स्लिट नसेल तर सारे तंतू मध्यरेषेवर कोसळून एकच जाड दोर बनतो. स्लिट हेच राउंडअबाउटला बांधले जाणारे प्रतिकर्षक (तंतूंना दूर लोटणारा संदेश) आहे, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. तरीही स्लिटच्या चित्राबाबत एक खबरदारी हवीच : स्लिट नसलेल्या भ्रूणात मध्यरेषेवरच्या पेशींनीही आपली जागा सोडलेली असते, त्यामुळे सगळा परिणाम एका संदेशाच्या अभावावर टाकणे घाईचे ठरते.

माझ्या मते खरी कसोटी जीसीएमच्या उत्परिवर्ती (ते जनुक बिघडलेल्या) भ्रूणाची आहे. 'ग्लिया काढल्या आणि तंतू भरकटले' असे त्याचे वर्णन सर्रास केले जाते. वस्तुतः ज्या पेशी ग्लिया व्हायच्या त्यांतल्या बऱ्याच तिथे चेतापेशी बनतात. म्हणजे वाटाड्या गेला आणि त्याच्या जागी नवे प्रवासीही आले. शिवाय हेच जनुक रक्तातल्या भक्षक पेशींनाही लागते. या गुंत्यातून सुटायचे असेल तर ग्लियांचा निवडक गट नष्ट करावा, जसे अलिसिया हिदाल्गो, अँड्रिया ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये केले, आणि जमल्यास फक्त ग्लियांमध्ये जनुक परत देऊन दोष भरून निघतो का तेही पाहावे.

वेळेची चूक सहज लक्षात येत नाही. उभ्या दांड्यांची वाट पाडणारे पहिले तंतू भ्रूणविकासाच्या १२व्या-१३व्या टप्प्यात निघतात, आणि पुष्कळ जण थेट १७व्या, म्हणजे शेवटच्या टप्प्याचे भ्रूण पाहतात. तोवर मागून आलेल्या तंतूंनी काही दोष झाकलेले असू शकतात. २५ अंश सेल्सिअसला भ्रूणविकास साधारण एका दिवसात पूर्ण होतो, १८ अंशांना जवळपास दुप्पट वेळ लागतो. म्हणून टप्पा घड्याळावरून न ठरवता भ्रूणपट्टा मागे सरकणे, पाठ मिटणे, आतड्याला वेढे पडणे अशा खुणांवरून ठरवावा.

भ्रूणातले उत्तर इतर अवयवांवर लादणेही योग्य नव्हे. पंखात तंतू पुढे जातात आणि ग्लिया त्यांच्यावरून सरकत येतात. अळीतल्या ज्या चकतीतून डोळा घडतो, तिच्यात ग्लिया मेंदूला जोडणाऱ्या देठातून वर चढतात, आणि त्या तिथे नसतील तर प्रकाशग्राही पेशींचे तंतू देठात नीट शिरत नाहीत. नाकतोड्याच्या पायातल्या ज्या दिशादर्शक पेशींचे उदाहरण ग्लिया म्हणून दिले जाते, त्या तर अपरिपक्व चेतापेशी आहेत.