चौकात अंक विकायला उभं राहताना: सोलापुरातल्या नव्या विक्रेत्यांसाठी

पहिल्या दिवशी मासिक-पाक्षिकाचे वीसच्या वर अंक उचलू नका. समजा ४० रुपयांचा अंक तुम्हाला ३० ला पडला, तर वीस अंकांत ६०० रुपये अडकले. चौदा खपले की खिशात ५६० येतात आणि नवा माणूस इथंच फसतो. त्यातले ४२० मालाचे, कमाई १४०. मालाचे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. ते किराण्यात गेले की पुढचा गठ्ठा उचलता येत नाही.

एजंटला आधीच विचारून घ्या: कमिशन किती, परतीचे अंक कोणत्या तारखेपर्यंत घेणार. दुमडलेला किंवा रंग उडालेला अंक सहसा परत जात नाही. सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन चाळिशी ओलांडतं, म्हणून सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर उभं राहा. वरचा अंक रोज खाली घाला.

जागा मात्र एकच धरा. नवी पेठ असो की पार्क चौक, आज इथं उद्या तिथं करू नका. पाक्षिक वाचणारा पंधरा दिवसांनी त्याच कोपऱ्यावर तुम्हाला शोधत येतो. त्याचा अंक नावाची चिठ्ठी खोचून बाजूला ठेवा. कुणी शब्दकोड्यासाठी अंक नेत असेल, तर "काका, मागचं आडवं सात सुटलं का?" एवढं विचारा, घाईतला माणूसही थांबून उत्तर सांगतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या गिऱ्हाइकाला "बागुन्नारा?" म्हणा, अण्णा-अक्का म्हणा. महिन्या-दोन महिन्यांत तुम्ही एक दिवस दिसला नाहीत, तर शेजारच्या चहावाल्याकडं चौकशी होते. काम सुटून घरात बसलेल्या माणसाला सकाळी उठून बाहेर पडायला ही चौकशी फार मोठं कारण असते.

लंडनमध्ये १९९१ साली सुरू झालेलं 'द बिग इश्यू' हे नियतकालिक ह्याच हिशेबावर उभं आहे. बेघर माणूस अंक साधारण अर्ध्या किमतीत विकत घेतो आणि छापील किमतीला विकतो. आधी स्वतःचे पैसे मोजलेले असतात, म्हणून तो गिऱ्हाइकासमोर विक्रेता म्हणून उभा राहतो. तेव्हा "सकाळपासून भवानी झाली नाही" असं सांगून अंक खपवू नका. दयेनं घेणारा दुसऱ्यांदा येत नाही. त्यापेक्षा आतला एखादा लेख उघडून दाखवा. त्यासाठी अंक आदल्या रात्री चाळलेला हवा. सुटे पैसे मोजून परत द्या.

दिवाळी अंक महाग असतात, भांडवल जास्त अडकतं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधी विचारून तेवढेच मागवा, वर फार तर पाच. लक्ष्मीपूजनानंतर मागणी उतरते.

गावाला जायचं असेल तर चार दिवस आधी सगळ्यांना सांगा आणि चिठ्ठ्या खोचलेले अंक चहावाल्याकडं ठेवून जा.