प्रीमियर पद्मिनी गाडी कधीकधीच ओव्हरफ्लो होते? पाना नंतर, आधी वही काढा

गोव्यात रायबंदरहून चोडणला जायला फेरीबोटीत गाडी घातली, इंजिन बंद केलं, पलीकडचा धक्का आला आणि चावी फिरवली तर नुसतं घर्रर्र. बॉनेटखालून पेट्रोलचा वास, म्हणजे ओव्हरफ्लो, इंजिनात नको तेवढं पेट्रोल गेलंय. मागे हॉर्न वाजवणारी मंडळी. आणि हीच गाडी सकाळी घरासमोर एका सेल्फमध्ये सुरू होते! मेस्त्रीकडे नेली की शहाण्या मुलासारखी वागते, त्यामुळे तो कार्बोरेटरचं, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचं, किट बदलतो, पैसे घेतो, आठवड्याने पुन्हा तेच. माझी दोन किटं अशीच गेली.

म्हणून कार्बोरेटर उघडायच्या आधी एक वही गाडीत ठेवा. प्रत्येक वेळी लिहा, इंजिन गरम होतं की थंड, किती मिनिटं बंद होतं, गाडी चढावर होती का, टाकीत पेट्रोल किती होतं, आधी खड्ड्यांतून आलात का. चार-पाच नोंदींत बहुतेक वेळा काहीतरी दिसायला लागतं.

अजून एक, प्लग ओला दिसला म्हणजे कार्बोरेटरच दोषी असं नाही हां. स्पार्कच्या सर्किटमधला छोटा कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो, स्पार्क मरतो आणि आलेलं पेट्रोल न जळता तसंच प्लगवर बसतं. आधी स्पार्क बघा, पण सांडलेलं पेट्रोल पुसून, वारा लागू देऊन आणि कार्बोरेटरपासून लांब धरून. विडी-सिगरेटवाल्याला बाजूला काढा, अग्निशामक जवळ ठेवा. चोकची केबल पूर्ण परत जाते का तेही बघून घ्या, दोन मिनिटांचं काम.

स्पार्क ठीक असेल तर गाडी नखरे करत असतानाच, इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढा आणि मोबाइलच्या टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात बघा. थेंब पडताहेत? मग पंपाकडून येणारा पाइप कार्बोरेटरपासून काढा, खाली बाटली धरून, पाइपात दाब असतो, उडतं. थोड्या वेळात थेंब थांबले तर पेट्रोल नीडलला, म्हणजे कार्बोरेटरचं भांडं भरल्यावर पेट्रोल अडवणाऱ्या सुईला, न जुमानता आत घुसत होतं. पाइप काढूनही गुडगुड करत बुडबुड्यांसकट येत राहिलं तर ते भांड्यातच उकळतंय, म्हणजे नीडल कितीही बदला, उपयोग शून्य.

नीडलचा संशय असेल तर भांड्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. तेवढ्याने बरं वाटलं तर कचरा अडकतोय किंवा नीडल चिकटतेय. आपल्याकडे पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी आतून गंजते, त्यात आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, ते पाणी धरतं, जुने रबरी पाइप खराब करतं आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटा करतं. पेट्रोल फिल्टरमध्ये तांबूस भुकटी दिसली तर टाकी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. नीडलचं टोक भिंगाखाली बघा, गोल खाच पडली असेल तर गेली. फ्लोट, म्हणजे भांड्यात तरंगून नीडल बंद करणारा पोकळ भाग, कानाशी हलवा, आत पेट्रोल डचमळलं तर भोक आहे. पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवा, जिथून बुडबुडे येतील तिथेच गळती. भांड्यातल्या पेट्रोलची लेव्हल बसवताना सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये नीडलच्या सीटखालच्या वायसरची जाडी मोजा, मिळेल तो वायसर घालू नका.

माझ्या वहीत काय निघालं? प्रत्येक नोंद गरम इंजिनाची, पाच ते वीस मिनिटं बंद. थंड असताना एकही नाही. पाइप काढून बघितलं तर गुडगुड चालूच. मग कार्बोरेटर उतरवला, तर खाली जो जाड बेकलाइटचा तुकडा असायला हवा, इंजिनची उष्णता अडवणारा, तोच गायब! कुणीतरी कधीतरी तिथे पातळ पॅकिंग लावून मोकळा झाला होता.

तुकडा बसेपर्यंत मी असं करायचो, एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंप अजिबात करायचा नाही, आणि सेल्फ पाच-सात सेकंद. सोडून, थांबून, पुन्हा. आणि डिपस्टिक काढून वास घ्या. इतके महिने ओव्हरफ्लो झालेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरलेलं असतं, पंपाचा पडदा फाटला तरी तेच होतं. माझ्या ऑइलची लेव्हल वर चढलेली होती आणि ऑइल पाण्यासारखं बोटावरून ओघळत होतं, त्याच दिवशी बदललं.