कडक उन्हात बांधकाम चालवायचं असेल तर नव्या माणसाचा पहिला आठवडा सांभाळा

‘भरपूर पाणी प्या’ असा फलक गेटवर टांगला की उन्हाळ्याची जबाबदारी संपली, असं समजणाऱ्या साइट पुष्कळ पाहिल्या. फलक कोणी वाचत नाही. वाचला तरी मुकादमाने ‘स्लॅब आजच भरायचा’ म्हटल्यावर फलकाला विचारतो कोण? उन्हाचा बंदोबस्त कामाच्या वेळापत्रकात आणि हजेरीच्या वहीत करावा लागतो. पिण्याचं गार पाणी, सावलीचं शेड आणि प्रथमोपचाराची पेटी साइटवर आहे असं धरून पुढचं सांगतो. ते नसेल तर आधी काम थांबवा.

१. आकडा कामाच्या जागेवर मोजा

मोबाइलवर दिसतं ते सावलीतल्या हवेचं तापमान. तुमचा माणूस उभा असतो पत्र्याच्या डेकिंगवर, डोक्यावर ऊन आणि पायाखालून धग. त्यामुळे डब्ल्यूबीजीटी, म्हणजे हवा, दमटपणा, ऊन आणि वारा मिळून अंगाला लागणाऱ्या उष्णतेचा आकडा, मोजणारं मीटर घ्या आणि वरच्या मजल्यावर नेऊन वापरा, ऑफिसच्या केबिनमध्ये नको. उघड्यावरच्या या मोजणीत ७० टक्के वजन ओल्या बल्बच्या (ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापकाच्या) तापमानाला असतं, २० टक्के काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला आणि फक्त १० टक्के साध्या हवेच्या तापमानाला. म्हणजे दमट दिवस कोरड्या दिवसापेक्षा घातक ठरू शकतो, मग मोबाइल काहीही म्हणो. कतारमध्ये २०२१ पासून हा आकडा ३२.१ अंशांच्या वर गेला की उघड्यावरचं काम थांबवावं लागतं.

२. जड काम पहाटे, काँक्रीट रात्री

काँक्रीटलाही तेच मानवतं. भर उन्हात ओतलेला स्लॅब लवकर आवळतो आणि तडकतो.

३. नवा माणूस हळूहळू उन्हात उतरवा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या सांगण्याप्रमाणे, कामावर उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे त्या माणसाच्या कामाच्या पहिल्याच दिवशी होतात आणि ७० टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. तरी साइटवर ऐकू येतं ते एकच: ‘दणकट गडी आहे, त्याला काय होतंय!’ दणकटपणाचा इथे फारसा उपयोग नाही. शरीराला उष्णतेत काम करायची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर आणि जास्त सुटायला लागतो, घामातून जाणारं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके आधीइतके वाढत नाहीत. हे बदल उन्हात राबल्यानेच होतात, पण बेताने राबल्याने. गार खोलीत बसून होत नाहीत आणि एका दिवसात उरकत नाहीत.

नियम सोपा आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या उन्हातल्या कामाच्या २० टक्केच द्या, पुढे रोज २० टक्के वाढवा. आठ तासांची पाळी धरली तर पहिल्या दिवशी साधारण दीड तास, दुसऱ्या दिवशी तीन-सव्वातीन, आणि पूर्ण पाळी पाचव्या दिवशी. जुना माणूस आठवडाभर किंवा जास्त सुट्टीवर जाऊन आला असेल तर ५०, ६०, ८०, १०० या टक्क्यांनी चढवा. आणि हंगामातली पहिली उष्णतेची लाट आली की त्या दिवशी सगळेच नवे, वीस वर्षं काम केलेला गवंडीसुद्धा.

कागदावर हे पाच मिनिटांत लिहून होतं. साइटवर मला सर्वांत जड गेलं ते हेच, कारण विरोध खुद्द नव्या माणसाकडून होतो. उक्तं काम असेल तर त्याने काढलेला प्रत्येक तास त्याच्या टोळीच्या पैशाचा असतो. तो चक्कर लपवतो, ‘जमतंय साहेब’ म्हणतो आणि टोळीही त्याला ओढत नेते. नुसत्या समजावण्याने यातलं काही बदलत नाही, पैशाने बदलतं. पहिल्या आठवड्याची हजेरी पूर्ण लावायची आणि उरलेल्या वेळात शेडमधलं काम द्यायचं: सळई मोजून ठेवणं, कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे सिमेंटचे ठोकळे) पाडणं, खिळे आणि क्लॅम्प निवडणं. ठेकेदाराशी हे टोळी येण्याआधी ठरवून घ्या. टोळी उतरल्यावर बोलाल तर ती फक्त घासाघीस होते.

हेल्मेटवर रंगीत पट्टी लावा, म्हणजे कोण नवा हे लांबून कळतं. जोडीला जुना माणूस द्या.

स्लॅब भरण्याच्या दिवशी नवा माणूस रांगेत उभा करू नका. यावर मी वाद घालत नाही. घमेली हातोहात जात असतात, एक जण बाजूला झाला की रांग तुटते, म्हणून कोणी बाजूला होत नाही. पाणी दहा पावलांवर असतं आणि तरी तिथपर्यंत कोणी जात नाही.

आणि हात बघा. सळई बांधणाऱ्याचा तार पिळायचा हूक तारेत अडकवताना दोनदा चुकला, फिरवायचं सोडून तो नुसता बघत राहिला, किंवा शांत माणूस उगाच भांडायला उठला, तर त्याला तिथेच खाली आणा. ‘बरं वाटतंय का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. सकाळपासून कुठल्या मजल्यावर होतास, काय केलंस, असं विचारा. उत्तर अडखळलं की निर्णय झाला.

४. पाणी घोट-घोट

दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर. जेवणाच्या सुट्टीत एकदम बाटली रिकामी करून ते भरून निघत नाही. तासाला १.४ लिटरच्या वर मात्र जाऊ नका, रक्तातलं सोडियम उतरतं. मिठाच्या गोळ्या वाटायची टूम सोडून द्या. पाणी वरच्या मजल्यावर पोचवा, माणूस जिना उतरून पाण्यासाठी येणार नाही.

५. माणूस कोसळला तर

बरळतोय, तोल जातोय किंवा शुद्ध हरपली आहे, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. कष्टाच्या कामात उष्माघात झालेल्याला घाम येत असू शकतो. रुग्णवाहिका बोलवा आणि त्याच क्षणी गार करायला लागा. हेल्मेट, बूट, जाड कपडे काढा आणि मिळेल तितकं गार पाणी पूर्ण अंगावर ओता. क्युरिंगचा (काँक्रीटवर पाणी मारायचा) पाइप हाताशी असतोच, पण उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटके देतं, ते आधी जाऊ द्या. बर्फ असेल तर बगलेत, मानेवर, जांघेत ठेवा. टाकी किंवा मोठा टब असेल तर डोकं पाण्याबाहेर धरून त्यात बसवणं सगळ्यांत उत्तम. पहिल्या अर्ध्या तासात ताप किती उतरतो यावर बरंच ठरतं, त्यामुळे गाडीची वाट बघत हातावर हात ठेवून बसू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळीही नको, या तापावर ती चालत नाही.

माणूस तासाभरात उठून बसला, हसला, तरी त्याला दवाखान्यात न्या आणि डॉक्टर सांगेपर्यंत कामावर घेऊ नका. परत येईल तेव्हा हेल्मेटवर पुन्हा पट्टी, पुन्हा २० टक्के, हजेरी पूर्ण.